ऑनलाइन मित्रांची क्रूझवर भेट: हौस ग्रुपची, हिशोब तुमचा



ग्रुप ट्रिपच्या व्हिडिओत वेळ कमी पडला. हिशोबाचा भाग घाईत झाला आणि कायद्याचा तर राहूनच गेला. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा.

आजकाल प्रत्येकाचा एखादा ऑनलाइन ग्रुप असतोच. कुणी शिलाईकाम करणाऱ्या ताई, कुणी कुक्कुटपालनवाले, कुणी मसाले-पापडवाले. एक साकोलीचा, एक गोंदियाचा, दोन नागपूरचे, एक थेट पुण्याचा. रोज 'गुड मॉर्निंग', रोज भावांची चर्चा, अडीनडीला सल्ला. पण तीन-तीन वर्षं बोलूनही समोरासमोर भेट नाही. मग कधीतरी कुणीतरी टाकतं, "चला, एकदा सगळे क्रूझवर भेटू!" पन्नास अंगठे वर येतात. आणि नियोजन कोण करणार म्हटलं की ग्रुप एकदम शांत.

ही शांतता म्हणजेच धंद्याची संधी आहे. लोकांना जायचंय, पण डोक्याला ताप नको. तो ताप जो घेतो, त्याला त्याचा मोबदला मिळायला हवा. मात्र यात एक मोठी जोखीम आहे. पैसे लोकांचे असतात आणि नाव तुमचं असतं. एकोडीसारख्या गावात एकदा नाव गेलं की दुसरा धंदा टाकणंही अवघड होतं. म्हणून आधी समजून घ्या, मगच ग्रुपवर "मी करतो" असं लिहा.

आधी क्रूझ म्हणजे काय ते समजून घ्या

पूर्वी मुंबईहून कोकणात आणि गोव्याला प्रवासी बोटी जायच्या. त्या बोटी म्हणजे पाण्यावरची एसटीच. माणसं गावी जाण्यासाठी बसायची. क्रूझचं तसं नाही. इथे जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण. राहणं, जेवण, करमणूक सगळं आतच.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचं जहाज मुंबई–गोवा मार्गावर सुरू झालं. ते रात्रभराचा प्रवास करायचं. करोनाच्या काळात ते थांबलं. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'च्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. मुंबई–गोवा–मुंबई, नुसतं खोल समुद्रात जाऊन परत, लक्षद्वीप, कोची असे त्यांचे वेगवेगळे बेत असतात. दोन रात्रींची सफर पहिल्या भेटीला पुरेशी होते.

नियोजन करणाऱ्याला पाच गोष्टी पक्क्या माहीत हव्यात:

१. भाडं माणशी सांगतात, पण खोली दोघांची धरून. म्हणजे एकटा माणूस खोलीत राहणार असेल, तर त्याला जवळपास दोघांचं भाडं पडू शकतं. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत असेल तर त्याचं भाडं सहसा कमी असतं.

२. खोल्यांचे प्रकार असतात. आतली बिनखिडकीची, समुद्र दिसणारी खिडकीची, बाल्कनीची आणि त्यावरचा सूट. आतली सगळ्यात स्वस्त. ग्रुपचा बहुतेक वेळ डेकवर आणि जेवणाच्या हॉलमध्येच जातो, त्यामुळे आतल्या खोलीने बिघडत काही नाही.

३. जाहिरातीतलं भाडं अंतिम नसतं. त्यावर बंदराचे शुल्क, कर आणि सेवा शुल्क लागतं. दारू, वायफाय आणि किनाऱ्यावर उतरून फिरणं यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. "सगळं धरून शेवटचा आकडा किती?" हे लेखी घ्या.

४. हंगाम असतो. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' ही बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, ती ऐन पावसाळ्यातच. आजची मोठी जहाजं फार वेगळी आहेत हे खरं. तरी पहिल्यांदा समुद्र पाहणारी माणसं घेऊन जाताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा.

५. जहाज कुणासाठी थांबत नाही. चढण्याची वेळ संपली की संपली.

तारीख ठरवताना आपलं कॅलेंडर बघा

पुण्या-मुंबईचे आयोजक शनिवार-रविवार बघतात. आपल्याला धान बघावं लागतं. दिवाळीच्या आसपास कापणी-बांधणी, मग चुरणे, मग गावोगावच्या मंडई आणि नाटकं. नंतर ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांची उन्हाळी धानाची रोवणी. या सगळ्यात डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीची सुरुवात एवढीच फट सापडते, आणि नेमकं तेव्हाच नाताळ-नववर्षामुळे क्रूझचं भाडं चढलेलं असतं. म्हणून ३१ डिसेंबर टाळा. नववर्षाची गर्दी ओसरल्यावरचे आठवड्याच्या मधले दिवस बघा. भाडं उतरलेलं मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. ग्रुपमधले निम्मे शेतकरी घरातले असतील, तर धानाचे चुकारे कधी हातात येतात ते लक्षात घेऊन मोठा हप्ता ठेवा. "पैसे आले की देतो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याचे पैसे खरंच अडकलेले असतात. पण क्रूझ कंपनीला हे कारण चालत नाही.

मुंबई गाठायची कशी?

आपल्या भागातून सोपी गाडी विदर्भ एक्सप्रेस. दुपारी गोंदियाहून निघते, तुमसर रोड, भंडारा रोड घेत दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत सीएसएमटीला पोहोचते. क्रूझ जिथून सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने जवळ आहे. कागदावर जुळतं: सकाळी उतरलो, दुपारी चढलो. पण गाडी सहा तास उशिरा आली तर? वीस माणसांचे पैसे बुडतील. म्हणून नियम करा, एक दिवस आधी मुंबईत. एका रात्रीच्या डॉर्मिटरीचा खर्च आधीच हिशोबात धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट वाचा. स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून लोकांची रेल्वे तिकिटं काढून त्यावर कमिशन घेऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ नुसार अधिकृत एजंट नसताना तिकिटांचा धंदा करणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "मी तर पन्नासच रुपये जास्त घेतले" हे कारण चालत नाही. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येकाने आपलं तिकीट आपण काढावं, किंवा अधिकृत एजंटकडून काढावं. तुम्ही फक्त गाडीचं नाव, तारीख आणि आरक्षण कधी उघडतं तो दिवस सांगा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. क्रूझचं बुकिंग त्याच्या आधी होतं. म्हणून ६० दिवस आधीच्या सकाळची आठवण ग्रुपवर आदल्या रात्रीच टाका.

आता हिशोब

खालचे आकडे फक्त हिशोब शिकण्यासाठी धरलेत. खरे दर त्या वेळी विचारा, रीत हीच वापरा.

माणशी खर्च:
- क्रूझचं भाडं, कर आणि बंदर शुल्कासह: २४,००० रुपये
- जहाजावरचं सेवा शुल्क: १,५०० रुपये
- मुंबईतली एक रात्र, टॅक्सी, नाश्ता: १,५०० रुपये
- एकूण: २७,००० रुपये

ठरलेला खर्च, म्हणजे माणसं कितीही आली तरी होणारा:
- तुमचं स्वतःचं क्रूझ आणि रेल्वे: ३०,००० रुपये
- फोन, छपाई, ओळखपट्ट्या, धावपळ: ४,००० रुपये
- अडीअडचणीसाठी राखीव: १०,००० रुपये
- एकूण: ४४,००० रुपये

यात तुमची मजुरी धरा, समजा १६,००० रुपये. झाले ६०,०००. वीस माणसं आली तर प्रत्येकी ३,००० रुपये वाटणीला येतात. म्हणजे दर ठरला ३०,००० रुपये.

आता खरी परीक्षा. वीस म्हणाले आणि बाराच आले तर? १२ गुणिले ३,००० म्हणजे ३६,०००. तुमचा ठरलेला खर्च ४४,०००. मजुरी तर गेलीच, वर ८,००० रुपये खिशातून. पंधरा आले तर ४५,००० जमतात. म्हणजे खर्च निघाला आणि हातात हजार रुपये उरले. याचा अर्थ पंधरा ही तुमची बरोबरीची रेषा. पंधराच्या खाली ट्रिप निघाली तर तुम्ही तोट्यात.

म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये लिहा: "अमुक तारखेपर्यंत किमान १५ जणांची नोंदणी झाली तरच ट्रिप होईल. नाही झाली तर नोंदणीची पूर्ण रक्कम परत." ती तारीख कंपनीला पैसे भरण्याच्या तारखेच्या आधीची हवी, म्हणजे परत करायला पैसे तुमच्याच हातात असतील. हे एक वाक्य तुमचे हजारो रुपये वाचवतं.

आणखी एक. मोठ्या ग्रुपला क्रूझ कंपन्या किंवा त्यांचे एजंट कधी कधी आयोजकाची जागा मोफत देतात किंवा कमिशन देतात. विचारल्याशिवाय मिळत नाही. मिळालं तर लपवू नका. "मला एक जागा मोफत मिळाली, त्यामुळे तुमचा दर एवढ्याने कमी केला" किंवा "ती माझी मजुरी धरली", दोन्ही चालेल. पण नंतर कुणा दुसऱ्याकडून कळलं, तर वीसपैकी एकही जण पुढच्या वेळी येणार नाही.

पैसे कुणाच्या खात्यात?

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: क्रूझचं भाडं प्रत्येकाने थेट कंपनीला किंवा अधिकृत एजंटला भरायचं. तुमच्याकडे फक्त उरलेले ६,००० रुपये येतात: सेवा शुल्क, मुंबईचा खर्च आणि तुमच्या वाटणीचे ३,०००. वीस जणांचे झाले १,२०,०००.

दुसरा रस्ता: सगळे ३०,००० तुमच्याकडे, तुम्ही पॅकेज विकता. वीस जणांचे ६,००,०००.

नवीन माणसाने पहिलाच रस्ता धरावा. कारण नुसतं विश्वासाचं नाही, कराचंही आहे. सेवा देणाऱ्या व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी लागते. पॅकेज तुमच्या नावाने विकलं तर तुमची कमाई कितीही छोटी असो, उलाढाल पूर्ण ६ लाख धरली जाते. अशा तीन ट्रिपा म्हणजे १८ लाख, चौथीला २४. कमाई लाखभराचीसुद्धा नाही आणि तुम्ही मर्यादा ओलांडली! नोंदणी झाली की टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३०,००० वर १,५०० रुपये, ग्राहकाला वाढीव सांगावे लागतात. श्रीलंकेसारखी परदेशी सफर विकली तर टीसीएसही गोळा करावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या रस्त्यावर जाण्याआधी सीएसोबत एक तास बसा. त्याची फी हा खर्च नाही, विमा आहे.

दोन्ही रस्त्यांवर हे मात्र करायचंच:

- ट्रिपच्या पैशांसाठी वेगळं खातं. घरखर्चाच्या खात्यात एक रुपयाही नको.
- उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. कामगार मोजकेच असतील तर गुमास्त्याची ऑनलाइन सूचना देऊन काम होतं.
- प्रत्येक रकमेची पावती. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे.
- दर रविवारी ग्रुपवर हिशोब: किती जमा, किती भरले, किती शिल्लक. विचारण्याआधी सांगणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही.

आणि "मी तर मित्र म्हणून केलं" हे मनातून काढून टाका. मोबदला घेतला की समोरचा ग्राहक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याच्या बाजूने उभा असतो.

रद्द करण्याचे नियम पैसे घेण्याआधी

भांडणं ट्रिप होण्यावरून होत नाहीत, न येण्यावरून होतात. उदाहरण घ्या. दोन ताई एका खोलीत. आठ दिवस आधी एकीच्या घरी अडचण येते. ती नाही येणार. कंपनीच्या नियमाने तिचे पैसे बहुतेक कापले जातील. पण दुसरीचं काय? ती आता एकटी खोलीत. जास्तीचे पैसे लागले तर कोण भरणार?

याचं उत्तर त्या दिवशी शोधायला बसू नका. आधीच लिहून ठेवा:

१. कंपनी जेवढे कापेल तेवढे रद्द करणाऱ्याचे जातील. आयोजक वरून काही कापणार नाही.
२. खोलीतल्या जोडीदारावर जास्तीचा भार पडला तर तो रद्द करणाऱ्याच्या परताव्यातून जाईल. परतावा पुरला नाही तर राखीव रकमेतून.
३. बदली माणूस देता येईल, पण कंपनी ज्या तारखेपर्यंत नाव बदलू देते तोपर्यंतच.
४. राखीव रक्कम उरली तर ट्रिपनंतर सगळ्यांना सारखी वाटून परत.

पैसे भरण्याची तुमची शेवटची तारीख कंपनीच्या तारखेच्या दहा दिवस आधी ठेवा. ते दहा दिवस फोन करण्यात जातात, हे धरून चाला.

ऑनलाइन ओळख आणि खरी ओळख

नातेवाइकांची सहल वेगळी. इथे माणसं एकमेकांना फोटोवरून ओळखतात, आणि तो फोटो कधी कधी देवाचा किंवा फुलाचा असतो! म्हणून:

- नोंदणीआधी प्रत्येकाशी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल. टाळणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.
- ओळखपत्रं ग्रुपवर मागवू नका. तुमच्याकडे वैयक्तिक पाठवायला सांगा, आधारचे पहिले आकडे झाकलेली प्रत चालते का ते कंपनीला विचारा, आणि ट्रिप संपली की सगळं पुसून टाका.
- खोलीचा जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा. ताईंच्या खोल्या ताईंच्याच लेखी होकाराने. "ॲडजस्ट करा" हा शब्द इथे नको.
- प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर तुमच्याकडे. समुद्रात मोबाइलची रेंज जाते, हे घरच्यांना आधीच कळवायला सांगा. नाहीतर इकडे घरी जीव टांगणीला.
- बीपी-शुगरच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या हातातल्या पिशवीत. मोठी बॅग खोलीत उशिरा पोहोचू शकते. बोट लागते म्हणजे मळमळ होते, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत.
- देशातल्या सफरीला सरकारी ओळखपत्र, परदेशी सफरीला पासपोर्ट, लक्षद्वीपला प्रवेश परवाना. मूळ कागद लागतो की प्रत, हे कंपनीकडून लेखी.
- फोटो आणि रील टाकण्याआधी ज्याचा फोटो त्याची परवानगी.
- जहाजावर चढल्यावर सुरक्षेची सूचना देतात. त्या वेळी सेल्फी नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या बंदरात प्रवासी बोटीला झालेल्या अपघातानंतर लाइफ जॅकेटचं महत्त्व सांगायची गरज उरलेली नाही.

जहाजावर कार्यक्रम थोडाच ठेवा. पहिल्या संध्याकाळी नाव आणि गाव लिहिलेल्या पट्ट्या लावून एक तास ओळख. दुसऱ्या दिवशी एक तास धंद्याच्या गप्पा: कोण काय विकतो, कुणाला काय हवंय. बाकी वेळ मोकळा. माणसं समुद्र बघायला आणि एकमेकांना भेटायला आलेली असतात, तुमचं भाषण ऐकायला नाही.

पहिलीच उडी समुद्रात कशाला?

आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कधीच ग्रुप नेला नसेल तर आधी एका दिवसाची भेट घ्या. शेजारच्या गोंदियातलं नवेगावबांध, वैनगंगेच्या संगमावरचं आंभोरा, किंवा आपल्या साकोलीजवळचं नागझिऱ्याचं पिटेझरी गेट. माणशी काही शेकड्यांत काम होतं. पण तिथेही तेच सगळं कळतं: "येतो" म्हणणारे किती आणि खरंच येणारे किती, वेळेवर पैसे कोण देतो, कोण शेवटच्या क्षणी दोन पाहुणे वाढवतो. वीस "येतो"पैकी बाराच आले, तर क्रूझच्या वेळी तुम्हाला तुमच्या ग्रुपचा गुणोत्तर आधीच माहीत असेल. पंधरा पक्के हवे असतील तर पंचवीस होकार लागतील, हा तुमचा स्वतःचा आकडा. कुठल्याही पुस्तकात तो मिळणार नाही.

मराठी माणूस या धंद्यात कमी नाही. केसरी १९८४ ला सुरू झालं, वीणा वर्ल्ड २०१३ ला. फक्त महिलांच्या, फक्त ज्येष्ठांच्या अशा खास सहली काढून या लोकांनी एक गोष्ट दाखवून दिली: सगळ्यांसाठी सहल विकण्यापेक्षा एकसारख्या माणसांना एकत्र आणणं सोपं असतं. तुमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये ते काम आधीच झालेलं आहे. माणसं एकसारखी आहेत, रोज बोलतायत. कमी आहे ती फक्त जबाबदारी घेणाऱ्याची.

या आठवड्याचं काम

१. ग्रुपवर होकार मागू नका, बजेट विचारा: १० हजारांपर्यंत, २० पर्यंत, ३० पर्यंत.
२. दोन अधिकृत एजंटकडून वीस जणांचा लेखी दर घ्या, सगळे कर धरून.
३. वर दिलेला हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा आणि तुमची बरोबरीची रेषा काढा.
४. रद्द करण्याचे नियम एका पानावर लिहा आणि ग्रुपबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. त्याला कळले तर सगळ्यांना कळतील.

एवढं झालं आणि आकडा जमत नाहीये असं दिसलं, तर बिनधास्त थांबा. वहीत झालेला तोटा फुकटचा असतो, समुद्रात झालेला नाही. आणि आकडा जमला, तर मग ग्रुपवर लिहा: "मी करतो."